आईनं बाजूला काढलेली लाकडं

माझ्या वडिलांना, दादांना, लाकडातलं कळतं, ही आमच्या घरात वाद घालायची गोष्टच नव्हती. लासूर स्टेशनच्या एका वखारीत त्यांनी उभी हयात काढली. ओंडक्याचं कापलेलं तोंड बघायचं, नखानं खरवडायचं, हुंगायचं आणि नाव सांगायचं. आता ते शहरात, छावणी भागात माझ्याकडं राहतात. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. पण अंघोळीला पाणी बंबातलंच पाहिजे. घरात गिझर आहे, गॅस आहे. नाही! गिझरच्या पाण्यानं म्हणे अंग मोकळं होत नाही. आणि रोज सकाळी बंब पेटवायचा कुणी? आईनं. दम्याच्या आईनं, फुंकर मारमारून.

त्या हिवाळ्यात पिशोरहून, आईच्या माहेराहून, टेम्पोभर जळण आलं. डोंगराकडचं रान साफ करताना तोडलेलं. पान एकाला नव्हतं, साल निम्मी निघालेली. बहुतेक बाभूळ होती, पण दहाबारा ओंडके वेगळे होते. हलके, आणि कापलेल्या तोंडावर काळे डाग, डांबर उडाल्यासारखे. दादांनी त्यातला एक उचलला, खरवडला, नाकाशी नेला. "मोई हाय ही," म्हणाले. "बंबाला लई झ्याक." विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत शिकवायला निघाले, तर आई फडक्यानं धरून तेच ओंडके भिंतीकडं ठेवत होती. मला हळूच म्हणाली, "तुझ्या मोबाईलमधी बघ ना गं, कशाचं लाकूड हाय हे." मी फोटो काढला. मोबाईलनं पान मागितलं, फूल मागितलं. मग तीन झाडांची नावं दाखवली, त्यातलं एक आंब्याचं. मी वैतागले. "आई, दादा मोई म्हणतात ना, मग मोई! मला उशीर होतोय."

तेवढ्यात दादा बाहेर आले आणि भिंतीकडची लाकडं बघून भडकले. "मला लाकडाचं शिकवती व्हय? इतकी वर्षं वखारीत झक मारली का मी?"  आईनं ओंडके उचलून बंबापाशी नेले. मी स्कूटी सुरू करून निघून गेले.

तिसऱ्या दिवशी आईचं तोंड सुजलं. डोळे मिटून गेले, हातांवर पाण्याचे फोड आले, छातीतून शिट्टी वाजायला लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारलं, काय खाल्लं, कशाला हात लागला, धूर कशाचा होता. "मोईचा," मी ठामपणे सांगितलं. त्या ठामपणाची मला आजही किळस येते. ते म्हणाले, झाड नक्की कोणतं ते शोधा. मी एक ओंडका पिशवीत घालून आणला, पण विचारायचं कुणाला?

दुपारच्या एसटीनं मावशी आली, आईची धाकटी बहीण, अजून पिशोरलाच राहणारी. व्हरांड्यात मी पिशवी उघडली तशी ती दोन पावलं मागं सरली.

"अगं टाक ते! बिब्बा हाय हा. बिब्बा उतलाय तिच्या अंगावर. असलं लाकूड कुणी जाळतं का? नुसत्या धुरानं माणूस सुजतं."

"मग आईला कसं ओळखू आलं नाही?"

"तिला?" मावशी माझ्याकडं बघतच राहिली. "डोंगरात बिब्बे येचत वाढलो आम्ही. लांबून झाड वळखायची ती."

मी पळत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी करायचं ते सगळं केलं, पण धूर छातीत गेलेला होता. दुसऱ्या दिवशी तिला जरा बोलता येत होतं, तेव्हा मी विचारलंच, "आई, तुला माहीत होतं ना? मग का जाळलंस?"

"वखारीतला माणूस हाय," ती म्हणाली. "मी बाईमाणूस त्यांना काय सांगू?"

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी आई गेली.

दहावं झाल्यावर दादांनी मला जवळ बोलावलं आणि ते लाकूड कशाचं निघालं, असं विचारलं. लपवायचं कशाला? मी सांगितलं, "बिब्ब्याचं. आईनं ओळखलं होतं." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मला वाटलं, आता रडतील. मी जवळ सरकलेसुद्धा.

"मग सांगायचं ना तिनं मला!" ते ओरडले. असे ओरडले, की आई असती तर घाईघाईनं बाहेर येऊन म्हणाली असती, "चुकलं माझं."