कंपाउंडरचं बर्फातलं गाव

श्रीरामपुरात मिशनच्या दवाखान्यात एक कंपाउंडर होता. मायदेशी परतलेल्या स्विस सिस्टरचं डोंगरातलं गाव तो औषध ओतता ओतता ‘आमचं गाव’ म्हणून सांगे. उन्हाळ्यात गायी वरच्या कुरणात जातात. एकदा बर्फाचा कडा कोसळला, घरं गाडली गेली, चर्चचा मनोराच तेवढा वर राहिला. मध्येच त्या बर्फात वेशीवरचा मारुती येई आणि मी गोंधळून जाई.

बहात्तरच्या दुष्काळात तो एस.टी. स्टँडवर भेटला.

“कुठं निघालात?”

“गावाला. मारुतीचा कळस उघडा पडलाय म्हनत्यात.”

“बर्फ वितळला?” मी विचारून बसलो.

“बर्फ कुठला आपल्याकडं,” नारळ पिशवीत नीट ठेवत तो म्हणाला. “धरनाचं पानी आटलंय.”