जेवणानंतर एक गोळी

कळमनुरीच्या बाजारातून येताना बापू, म्हणजे माझे वडील, जीपच्या टपावरून पडले आणि डोक्याला जबर मार लागला. नांदेडच्या दवाखान्यातून महिन्याने घरी आणलं ते झटके येऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळ्यांसकट. हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी तिथल्या कॉलेजात जात होते. घरात शिकलेली मीच. पाकिटावरचं ‘जेवणानंतर एक’ वाचून गोळी देणं माझ्याकडं आलं, आणि मला त्याचा तोराही होता.

बापू गोळीने पेंगायचे. जाग आली की अंगणात येरझाऱ्या घालायचे, दाराची कडी लावायचे, काढायचे, परत लावायचे. मला विचारायचे, ‘बाई, तुमी कोणाच्या?’ सख्ख्या लेकीला ‘तुमी’! मी चिडायचे, ओरडायचे, मग न्हाणीत जाऊन रडायचे. त्यांनी एकदा ‘तू’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

नवरात्रात घट बसले. बापूंचा नऊ दिवसांचा उपास लहानपणापासूनचा. लेक विसरले, उपास विसरले नाहीत. भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू. पण हे फराळाचं झालं, जेवण नव्हे. जेवणच नाही तर जेवणानंतरची गोळी कधी देणार? मी पाकीट फळीवर ठेवून दिलं.

‘बराबर हाय,’ माय म्हणाली. ‘डाक्टरनं सांगितलं तसंच करावं.’

चौथ्या माळेपासून त्यांची पेंग उतरली. सहाव्या माळेला मी घटावर फुलांची माळ बांधत होते, तर मागून आवाज आला, ‘काहून गं, वाकडी बांधून राहिलीस?’

मी माळ टाकून त्यांच्या गळ्यातच पडले. मायने देवीला ओटी बोलली. पुढचे दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

आठव्या माळेला सकाळीच झटके सुरू झाले. थांबेचनात. तसंच नांदेडला नेलं.

‘गोळी बंद केली होती?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘उपास होता, साहेब.’

‘आठ दिवस पोटात काहीच नाही?’

‘फराळ करायचे की. जेवत नव्हते.’

डॉक्टरांनी पाकीट मागून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाकिटावरचं ‘जेवणानंतर’ खोडलं, ‘रोज’ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

बापू वाचले. परत पेंग, परत कडी. मी एकही गोळी चुकवली नाही. पुढच्या वर्षी घट बसले तेव्हा मात्र हात पाकिटावर अडला. खोटं कशाला बोलू? दोन-चारच दिवस, पुन्हा एकदा ‘काहून गं’ ऐकायला मिळेपर्यंत, असं मनात आलंच.

बापू ओसरीवर बसून रस्त्याकडं बघत होते.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘आमची पोरगी हिंगोलीहून आली न्हाई अजून. तुमाला दिसली का?’

‘येईल,’ मी म्हणाले, आणि गोळी त्यांच्या हातावर ठेवली.