नरकाच्या जबड्यातला शालू

"आई, नाटकासाठी काहीतरी शायनी हवंय," असा लेकीचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. "कपाटातलं हवं ते ने," म्हणाले आणि विसरले. तिची युनिव्हर्सिटी पिस्कॅटवे गावातल्या आमच्या घराच्या जवळच. येते, फ्रिज रिकामा करते, जाते.

नाटक विद्यार्थ्यांनीच लिहिलेलं, पण मध्ययुगातल्या ख्रिस्ती नीतिनाटकांच्या धर्तीवर. दिग्दर्शन आमच्या कन्येचं. त्यात नावागावाची माणसं नव्हतीच. आत्मा, मोह, करुणा हीच पात्रं. आत्म्याची अवस्था कपड्यांवरून ओळखायची, असं तिने आधीच बजावून ठेवलं होतं: पांढरा झगा म्हणजे निर्मळ, भरजरी वस्त्र चढलं की पापात बुडाला. प्रयोगाला गेलो, तर स्टेजच्या कोपऱ्यात नरकाचं दार म्हणून पुठ्ठ्याचा भलामोठा जबडा होता, आत लाल दिवा. मला हसू आवरत नव्हतं. शेजारी नवरा फोन चाळत होता.

मग मोह आला, आणि त्याच्या हातांवर माझ्या लग्नातला शालू होता.

तोच डाळिंबी रंग, काठावरचे तेच मोर. पलंगाखालच्या बॅगेतून लेकीने तो काढलाच कसा? मोहाने तो आत्म्याभोवती गुंडाळायला घेतला. एक वेढा, दुसरा, तिसरा. आत्म्याला हात हलवता येईनात, चालता येईना. प्रेक्षक खिदळत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. "बघितलंस?"

"हं, मस्त आहे," त्याने मान वर केली. "साडी कुठून आणली असेल गं यांनी? एडिसनच्या इंडियन दुकानातून?"

याच शालूला याच्या उपरण्याची गाठ मारून आम्ही सप्तपदी चाललो होतो, आणि हा दुकान विचारत होता! शालूचं दुःख त्यापुढे फिकं पडलं.

शेवटी आत्म्याने "मला सोडव" अशी हाक मारली. करुणा आली, तिने वेढे उलगडले, पांढरा झगा मोकळा झाला. ना उपास, ना प्रायश्चित्त. आपल्याकडे केलेलं भोगल्याशिवाय सुटका नाही. इथे नुसतं मागितलं आणि मिळालं. शालू जबड्यात भिरकावला गेला. टाळ्या पडल्या. नवराही वाजवत होता.

तो गाडी आणायला गेला तशी मी तडक स्टेजमागे गेले. "अक्कल आहे का तुला? माझा लग्नाचा शालू आहे तो!"

"आय नो, आई," लेक म्हणाली. "बाबांनी ओळखला?"

म्हणजे नवऱ्याचं माझ्याकडे लक्ष नसतं, हे पोरीला कळत होतं. किती वर्षांपासून, कोण जाणे.

"नाही," मी म्हणाले.

"आत्म्याला फक्त मागायचं असतं, आई. यू नेव्हर आस्क."

मी जबड्यात हात घालून शालू ओढून काढला आणि मांडीवर घेऊन गाडीत बसले. सिग्नलला नवऱ्याचं लक्ष गेलं.

"ही कोणाची साडी?"

"माझी," मी म्हटलं. "गाडी बाजूला घे. मला बोलायचंय."