फिल्टरबाबू

रस्त्यात नवी मोटरसायकल उभी दिसली, की लोक तिच्या टाकीवरून हात फिरवतात, किंमत विचारतात. भाऊजी वाकून तिच्या बगलेचं झाकण बघायचे. ते उघडायला सोपं आहे का, आत हात जाईल एवढी जागा आहे का, हे त्यांना आधी कळायला हवं असे. मालक ओळखीचा असो वा नसो, थोड्याच वेळात त्याच्या परवानगीने ते गाडीशेजारी उकिडवे बसलेले असत आणि आतला, इंजिनात जाणारी हवा गाळणारा एअर फिल्टर त्यांच्या हातात आलेला असे. आमच्या मोटरसायकलवाल्या गटातले बंगाली मित्र त्यांना फिल्टरबाबू म्हणत. त्या नावाचा त्यांना मनापासून आनंद होता.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. बँकेत अधिकारी. बदली होऊन ते कोलकात्याला आले, मागोमाग मलाही इथल्याच आयटी कंपनीत नोकरी लागली आणि गार्डन रीचजवळच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी राहायला गेलो. आमचं मराठी त्या फ्लॅटपुरतंच; दाराबाहेर हिंदी आणि मोडकंतोडकं बंगाली. इथेच त्यांना आडवाटेने मोटरसायकल चालवायचा नाद लागला, आणि त्यांच्यामुळे मलाही. सुट्टी जोडून आली की आम्ही झारग्रामच्या बाजूला जायचो. सालवृक्षांच्या जंगलातल्या लाल मातीच्या वाटा तुडवायच्या आणि डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन घरी यायचं. दार उघडताना ताई दोघांना उंबऱ्याबाहेरच बूट काढायला लावायची.

कंपनीकडून गाडीबरोबर येणारा कागदी फिल्टर डांबरी रस्त्याला ठीक. त्या लाल धुळीत तो लवकर गुदमरतो. म्हणून बाहेरून दुसरा घ्यायचा. त्यासाठी भाऊजी गाड्यांच्या सुट्या भागांच्या मल्लिक बाजारात जात आणि दुकानदाराला नको नको करून सोडत. तो चकचकीत खोकं पुढे करून सांगायचा, हा लावा, गाडीची ताकद वाढेल. भाऊजी मला म्हणत, "वारा किती आत जातो हे सगळे सांगतात. धूळ किती बाहेर थांबते ते विचार." मग फिल्टरची कड अंगठ्याने दाबून बघायची. घरी आणल्यावर तो बसवून चारी बाजूंनी बॅटरी मारायची. कुठे उजेडाची रेघ दिसली, तर फिल्टर कितीही नावाजलेला असो, परत. त्यांची निवड ठरलेली होती: दोन थरांचा फोम, बाहेरचा जाडसर आणि आतला बारीक.

गटातल्या एका मित्राने त्यांचं न ऐकता स्वस्तातला फिल्टर लावला. कडेला फट राहिली, आणि काही फेऱ्यांनंतर गाडी धूर सोडू लागली. इंजिन उघडलं तेव्हा आतून सगळं घासलेलं. भाऊजी त्याच्याबरोबर अख्खा दिवस गॅरेजमध्ये बसून राहिले. मी सांगितलं होतं, हे वाक्य त्यांनी एकदाही काढलं नाही. उलट येताना त्याच्यासाठी योग्य मापाचा फोम शोधून आणला.

फिल्टर धुणं हा रविवारचा कार्यक्रम. पेट्रोलने धुवायचा नाही, जोड सुटतात. कोमट पाणी आणि साबण. पाणी आतून बाहेर सोडायचं, म्हणजे धूळ आली तशी परत जाते. "दाब, पिळू नकोस," हे मी किती वेळा ऐकलं असेल. कोलकात्याच्या दमट हवेत फोम वाळता वाळत नाही, म्हणून तो पंख्याखाली टांगलेला असे. मग त्याला तेल लावायचं आणि सगळीकडे सारखा रंग येईपर्यंत कणकेसारखं मळायचं. जास्तीचं तेल दाबून काढायचं, कडेला ग्रीस. आपली बादली तेलकट झाली म्हणून ताई सुरुवातीला चिडायची. पुढे तिनेच त्यांना वेगळं घमेलं आणून दिलं, आणि चहाचा कप घेऊन बाल्कनीत पाटावर येऊन बसू लागली. तेल लावलेला जादा फिल्टर ते पिशवीत घालत, तेव्हा पिशवीचं तोंड ती उघडून धरायची. मी घरात असूनही त्या दोघांना माझी आठवण नसायची.

ताईला दिवस गेले तेव्हा त्या तेलाच्या वासाने तिला मळमळू लागलं. भाऊजींनी सगळा पसारा खाली पार्किंगमध्ये नेला. तिथे काम करायचं, अंघोळ करायची, आणि मगच तिच्या खोलीत पाऊल टाकायचं.

सातव्या महिन्यात मूल गेलं. मुलगी होती. ताई गुंगीत होती. आई पुण्याहून आली होती. तिने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं, की ताईला बाळ दाखवायचं नाही, तिला झेपणार नाही. पुढचं सगळं भाऊजींनी एकट्याने केलं. मी स्मशानाच्या फाटकाशी थांबलो होतो. ते बाहेर आले आणि गाडीत बसेपर्यंत काही बोलले नाहीत. नंतरही नाहीत.

त्यानंतर ते कुठेही न जाता फिल्टर धुऊ लागले. सारखं धुतलं की फोम विरतो, हे नवशिक्यांना सांगणारा माणूस स्वच्छ फोम पुन्हा घमेल्यात बुडवायचा. त्यांच्या बोटांत त्याचे तुकडे येऊ लागले. ताई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. एकदा ती मला म्हणाली, "त्याला त्या फोमबद्दल तासभर बोलता येतं. तिच्याबद्दल एक शब्द नाही." मी भाऊजींना हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मी विषय काढला तर ती मोडेल." दोघंही दुसऱ्याने बोलावं म्हणून थांबले होते, आणि त्यात वर्ष निघून गेलं.

ताई पुण्याला गेली ती परत आलीच नाही. रीतसर घटस्फोट झाला. भांडण असं कुठेच नव्हतं. मी दुसरीकडे खोली घेतली. निघताना भाऊजी म्हणाले, की तू आता ताईकडे बघ, मला फोन केलाच पाहिजे असं काही नाही. मी तरी रविवारी जात राहिलो. बाल्कनीत आम्ही दोघं फार न बोलता बसायचो. ताईचा विषय मी काढत नसे. निघताना ते मात्र विचारायचे, तिची झोप कशी आहे आता.

मग त्यांची ईशान्येकडे बदली झाली. मोटरसायकल त्यांनी बराकपूरच्या एका शाळामास्तरांना विकली. ती पोचवायला आम्ही दोघं गेलो. भाऊजींनी मास्तरांच्या अंगणात फिल्टर काढला आणि धुण्यापासून कडेच्या ग्रीसपर्यंत सगळं त्यांच्याकडून करून घेतलं. जादा फिल्टर, तेलाची बाटली, सगळं देऊन टाकलं. मग हात धुतले आणि मागे वळून न बघता स्टेशनकडे चालू लागले.

सियालदहच्या गाडीत आम्हाला खिडकीशी जागा मिळाली.

"मी तिला पाहिलं होतं," भाऊजी म्हणाले.

कोणाबद्दल चाललंय ते मला क्षणभर कळलं नाही.

"माझ्या हातात दिली होती नर्सने. कान थेट तुझ्या ताईचे. वरची कड तशीच दुमडलेली."

"ताईला सांगितलंत?"

"तिने विचारलं नाही." पुढचं स्टेशन येऊन गेलं. "तिला वाटत असेल, मी विसरलो. मी रोज बघतो रे तिला."

सियालदहला उतरल्यावर गर्दीतच त्यांनी माझा हात धरला, येतो म्हणाले आणि गेले. त्यांची माझी ती शेवटची भेट.

हे ताईला सांगावं की नाही, मला कळेना. तिने कसंबसं सावरलं होतं. पुण्यात शिकवू लागली होती. पण न सांगणं मला जमेना. शेवटी फोनवर जसंच्या तसं सांगितलं.

"मला कुणी काहीच सांगितलं नाही," ती म्हणाली. "मी रोज तिला वेगळा चेहरा लावून बघते." मग विचारलं, "केस होते का तिला?"

मला माहीत नव्हतं. भाऊजींना विचारून सांगतो, म्हणालो.

"नको. मी विचारते."

ती खरंच फोन करेल असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा मला फोन आला; ती भाऊजींशी बोलली होती. दोघं किती वेळ बोलले, आणखी काय बोलले, मी विचारलं नाही. ते पुन्हा एकत्र आले नाहीत. ती वेळ निघून गेली होती. दवाखान्यातून आल्यापासून ताईला रडताना मी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी फोनवर ती रडत होती, आणि रडता रडता मला सांगत होती, "होते म्हणाला. खूप होते. अगदी कपाळावर आले होते."