परत देवाला

आज मीच आली आहे तुझ्याकडं, तर ये इकडे, अशी जवळ बस. मोबाइल पालथा ठेव आधी. तुले रागवायचंच आहे मले. परवा फोनवर विचारलंस, "मावशी, तू येता-जाता म्हणतेस देव पहिला, देव पहिला, म्हणजे नेमकं करतेस काय गं?" आणि मी तोंड उघडलं तर म्हणे कुकरची शिटी झाली, ठेवते. असा प्रश्न विचारून कोणी फोन ठेवते काय? माझ्या पोटात उत्तर तसंच उड्या मारून राहिलं ना! आता ऐक.

तिकडं आपल्या बीरगावच्या घरामागं सीताफळाचं झाड लावलं होतं मी. कारखान्यांची काळी धूळ पानांवर बसायची, मी बादली घेऊन पानं धुवायची. शेजारीण हसायची, "दीदी, झाड को नहलाती हो?" हसू दे. मागच्याच्या आधीच्या दिवाळीच्या सुमारास त्याले पहिलं फळ आलं. एकच! पण कसं, माझ्या दोन्ही मुठींएवढं. खारीनं खाऊ नये म्हणून त्याले जुना मोजा चढवला. आमच्या चर्चच्या मंडळीत कापणीनंतर आभाराचा सण असतो, हिंदीवाले कटनी का पर्व म्हणतात. झाडाचं पहिलं फळ, गायीचं पहिलं दूध, जे पहिलं ते चर्चमध्ये न्यायचं. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, पैसा देवाच्या कामाले जातो. मी त्या सीताफळावर हात ठेवून प्रभूले बोलून टाकलं होतं, हे तुझं.

आणि तेव्हाच सुनेले दिवस गेले.

आनंद तर झालाच, पण पोरीच्या पोटात पाणी टिकेना. भात पाहिला की उलटी, पोळीचा वास आला की उलटी. पहिलटकरीण, त्यात काडीसारखी अंगानं. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, सोमवारपर्यंत काही पोटात राहिलं नाही तर भरती करा, असं बाळाले चालणार नाही. घरात सगळे हळू आवाजात बोलायले लागलो. माझा पोट्टा तर रात्रीची ड्यूटी करून आला की तिच्या दारातच बसायचा.

तर शनिवारी काय झालं! सीताफळ मी उतरवून तांदळाच्या डब्यात पिकायले ठेवलं होतं. मी झाकण उघडलं आणि सून पलंगावरून उठून आली. आपल्या पायानं! म्हणे, "मम्मी, चावल में क्या महक रहा है? अच्छा लग रहा है."

अच्छा लग रहा है! इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिले काही बरं वाटलं होतं. पोट्टा पळत बाजारात गेला, सीताफळांची पिशवी घेऊन आला. तिनं वास घेतला आणि न्हाणीकडे धावली. तिले पाहिजे होतं तेच, डब्यातलं.

आता सांग, मी काय करावं? मी चुलीपाशी उभी राहून म्हटलं, प्रभू, माफ कर, पोर आहे. आणि फळ तिच्या हातात दिलं. तर तिनं ते नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि परत माझ्या हातात ठेवलं. "मम्मी, आप ही तो रोज बोलती हो, पैले देव. मेरे टाइम पे बदल दोगी क्या?"

माझीच भाषा, माझ्याच तोंडावर! पोट्टा चिडला, "तुम दोनों पागल हो." मग मीच तोड काढली. म्हटलं, लिलावात तूच बोली लाव. देवाचं देवाले पोचेल, हिचं हिले. तो म्हणाला, "हव, पक्का."

रविवारी आम्ही तिघं गेलो. टेबलावर भोपळे, मुळे, धानाच्या लोंब्या, एक कोंबडा बांधलेला, आणि मधोमध माझं सीताफळ, डोळे उघडलेलं. बोली बोलणारे भैया आमचे असे की त्यांना माइक लागत नाही. पण एक रीत सांगायची राहिली तुले. आमच्याकडं पहिल्या फळाची बोली जिंकणारा पैसे देतो, पण सहसा ते घरी नेत नाही. हात वर करून म्हणतो, "परत देवाला!" आणि त्याची बोली पुन्हा सुरू होते, कोणी तसं न म्हणता नेईपर्यंत. लहानपणापासून आमच्या पोरांच्या तोंडात हे बसलेलं.

बोली सुरू झाली. रेल्वेतून रिटायर झालेले काका आमचे, त्यांनी घेतलं. परत देवाला! एका बाईनं घेतलं. परत देवाला! हात बदलता बदलता फळ मऊ पडायले लागलं, माझा जीव वरखाली. मग पोट्ट्यानं बोली लावली, चढवली, आणखी चढवली. भैया ओरडले, "तीन! ले जाओ बेटा!" पोट्ट्यानं छाती काढली, हात वर केला आणि काय बोलला?

"परत देवाला!"

अगं, सवय! जीभ घसरली त्याची. बायको बाजूले बसलेली आणि हा मूर्ख! मी कपाळावर हात मारला, सगळं चर्च हसायले लागलं. तो लाल होऊन "नहीं, नहीं, रुको" करतोय आणि भैया म्हणतात, "अब तो बोल दिया बेटा."

तेवढ्यात सून उभी राहिली. बाकड्याला धरून, पण उभी! "भैया, मैं लूँगी. और मैं वापस नहीं करूँगी!"

भैया म्हणाले, "एक... दो..." आणि रेल्वेवाल्या काकांनी हात वर केला. भैया म्हणाले, "काका, आप फिर?" काका म्हणाले, "बोली नाही लावून राहिलो रे. चमचा आणू काय विचारतो."

"तीन!"

तिनं चर्चच्या पायरीवर बसून खाल्लं. बिया रुमालात. सगळी मंडळी अशी भोवती उभी, जणू पहिल्यांदा कोणी सीताफळ खाते. पास्टर डोळे मिटून ओठ हलवून राहिले होते. ती थांबली, सगळे थांबलो. मग वर पाहून म्हणते, "मम्मी, भूख लगी है."

सांगू तुले, मी रडली की हसली मलेच कळलं नाही. उपासनेनंतर सगळ्यांचं मिळून प्रीतिभोजन असतं, त्याची खिचडी आणली, तिनं खाल्ली. पोटात राहिली! सोमवारी डॉक्टरीण बाईंनी भरती न करता घरी पाठवलं.

घरीच दिलं असतं तर राहिलं नसतं काय? मले काय ठाऊक. पण मी इतकंच करते बाई. पहिलं त्याच्या हातात ठेवते आणि तो काय करतो ते पाहायले डोळे ताणून उभी राहते. काय मजा येते, विचारू नको!

आता नात रांगून राहिली आहे, घरभर, कोंबडीच्या पिलासारखी. भिंत धरून उभी राहायले पाहते. तर लवकर बीरगावले ये, ती चालायले लागायच्या आत. नंतर मग एका जागी बसून लाड करून घ्यायची नाही ती.