माझ्या फोनवर काहीच नाही

धारवाल्याला अक्षरओळख नव्हती आणि त्याची त्याला लाजही नव्हती. कात्री हातात आली की ती कुठल्या शिंप्याची, हे तो डोळे मिटून सांगे. वाचायचं खातं बायकोकडे. औषधाची बाटली असो की विजेचं बिल, ती वाचणार आणि हा मान डोलावणार. "आमच्या घरचं वर्तमानपत्र," असं तो गिऱ्हाइकांना सांगे, आणि ती लटकं रागावे.

मागे एकदा दोघांचेही फोन एकदम कर्कश ओरडले, तेव्हा तो ताडकन उठून उभाच राहिला. तिने वाचलं, धोक्याच्या इशाऱ्याची चाचणी आहे, काही करायचं नाही.

"घाबरताय काय एवढे? हे खालचं बटण दाबलं की गप्प बसतो."

नवरा अडाणी खरा, पण बायकोने शिकवलेलं विसरणारा नव्हता.

त्या दुपारी ती शहराच्या वरच्या टोकाला, हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करत होती. त्याचं दुकान खाली, नदीला लागून. सुट्टीमुळे शेजारची दुकानं बंद होती. त्याचा फोन आला.

"अगं, तो परत ओरडला. काय लिहिलंय कुणास ठाऊक."

तिने फोन कानापासून काढून पाहिला.

"माझ्या फोनवर काहीच नाही. खरं असतं तर सगळ्यांनाच आलं असतं ना? चाचणी असेल. दाबा बटण."

"तू म्हणतेस तर झालं."

इशारा फक्त नदीकाठच्या फोनवर पाठवतात, हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही! धरणाचे दरवाजे उघडले होते, आणि पाणी यायला पाऊण तास होता. एवढ्या वेळात तो वाटेत दोन ठिकाणी गप्पा ठोकूनही तिच्यापर्यंत पोचला असता. दुसऱ्या दिवशी तो दुकानातच, धारेच्या चाकापाशी सापडला.

महिन्याभराने एक बाई फॉर्म घेऊन दारात आल्या. इशाऱ्याचा लोकांना कितपत उपयोग झाला, याची पाहणी चालू होती. बाई भल्या होत्या, हळू आवाजात विचारत होत्या.

"संदेश मिळाला होता?"

"मिळाला."

"वेळेवर?"

"अगदी वेळेवर."

"वाचला होता का त्यांनी?"

पदराचं टोक मुठीत घट्ट धरून ती म्हणाली, "त्यांना वाचता येत नव्हतं, ताई. मला विचारलं होतं त्यांनी. निघायला सांगायचं सोडून मीच बसवून ठेवलं त्यांना तिथे."