व्होल्ट आहेत, करंट नाही

रॉकेट नीट उडालं तर सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही. नाही उडालं की पुढचे चार रविवार चहाबरोबर तोच विषय. आमच्या डोंबिवलीच्या तिघांकडे असे किस्से भरपूर साठलेत. तिघं म्हणजे मी, शेजारचा केदार आणि आमच्याच बिल्डिंगमधले, कारखान्यातून रिटायर झालेले सावंतकाका. रॉकेटं पुठ्ठ्याची, हातभर उंच. इंजिन तयार मिळतं. ते पेटवायला इग्नायटर लागतो, म्हणजे बारीक तार आणि तिच्या टोकाला मसाल्याचा थेंब. बॅटरीतून करंट गेला की तार लाल होते आणि मसाला पेटतो. इतकं सोपं!

*

पहिल्यांदा मी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणलेली, नवीकोरी. सोसायटीच्या मैदानात सगळे जमले, पाच-चार-तीन-दोन-एक झालं, बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लोकांनी मोजायचंच सोडून दिलं.

केदारने मीटर लावला. बरोबर नऊ व्होल्ट.

"मग प्रॉब्लेम काय आहे?" मी विचारलं.

तार तापवायला करंट भरपूर लागतो, तो देण्याची ताकद त्या बॅटरीत नव्हती. काकांनी हेच त्यांच्या पद्धतीने सांगितलं, "आमच्या साहेबासारखी आहे रे ही. दारावर पाटी मोठी, काम सांगितलं की बसली."

*

पुढच्या रविवारी केदार स्कूटरची बॅटरी काढून घेऊन आला. बटणावर बोट टेकतंय तोच रॉकेट गेलं. आम्ही अजून वर बघतोय, तेवढ्यात त्याच्या बायकोचा, मधुराचा फोन.

"अरे, मला ठाण्याला, खोपटला जायचंय आणि स्कूटर चालू होत नाहीये. मेकॅनिक म्हणतो बॅटरी चोरीला गेली."

केदार शांतपणे म्हणाला, "चोर सापडलाय. पाच मिनिटांत घेऊन येतो."

*

पुढचा किस्सा हसण्याचा नाही. तारा नीट जोडल्यात का ते कळावं म्हणून आम्ही एक छोटा बल्ब लावलेला. बल्ब लागला की जोडणी ठीक. जुन्या इग्नायटरना हे चालायचं. नवे फार नाजूक निघाले. बल्बमधून जाणारा जरासा करंटही त्यांना पुरला. काका वाकून रॉकेट सरळ करत होते आणि ते त्यांच्या हाताजवळूनच सुटलं.

उजवा हात मनगटापर्यंत भाजला. सोसायटीने मैदान बंद केलं. मला वाटलं, संपलं सगळं.

आठवड्याने काका बँडेजसकट माझ्या दारात. "बल्ब काढ. एलईडी लाव, त्यातून करंट नाममात्र जातो. आणि बटणाला चावी बसव, ती लावल्याशिवाय करंटच जाणार नाही अशी. रॉकेटजवळ जो जाईल, चावी त्याच्या खिशात."

"काका, आता बंद करूया ना हे."

"करू की. पण असं पडून नाही. एकदा नीट उडवून मग बंद करू."

*

मैदान कोणी देईना. शेवटी कळव्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका तयार झाल्या. बाई कडक. "एकदाच. नाही उडालं तर पुन्हा विचारायला यायचं नाही."

आम्ही कंबर कसली. पेन्सिल सेल झाले, ड्रोनची बॅटरी झाली. शेवटी यूपीएसची बारा व्होल्टची जड बॅटरी पक्की केली. वायर जाड घेतली. प्रत्येक इग्नायटर मीटरवर तपासून मगच डब्यात ठेवला.

त्या दिवशी मुलं लांब पायऱ्यांवर बसवलेली. मी बटण हातात घेतलं, तर बाई पुढे आल्या. "शाळेची जबाबदारी माझी आहे. बटण मी दाबणार."

मुलांनी उलटे आकडे म्हटले. बाईंनी दाबलं. रॉकेट सरळ गेलं, शाळेच्या गच्चीच्याही वर, आणि लाल पॅराशूट उघडलं. मुलं ओरडत होती. काका भाजलेला हात कपाळावर धरून वर बघत होते.

बाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. अंगठा बटणावर तसाच, दाबून दाबून पांढरा पडलेला.

काका जवळ गेले. "बाई, झालं. सोडा आता बटण."

बाईंनी आकाशावरची नजर काढली नाही.

"थांबा हो. अजून वर आहे ते. सोडलं आणि पडलं म्हणजे?"